मेडिकलच्या काउंटरपलीकडच्या माणसांना

मुंबईतल्या मेडिकल दुकानदारांना, आणि त्याहून जास्त तिथे काउंटरवर उभ्या राहणाऱ्या मुलामुलींना,

स.न.वि.वि.

गेल्या महिन्यातला शनिवार. संध्याकाळचे सव्वाआठ, स्टेशनबाहेरचं दुकान, माणसावर माणूस. मी नेहमीची चिठ्ठी पुढे केली. मुलाने मान वाकडी करून कान आणि खांद्यात फोन धरलेला. त्याच अवस्थेत त्याने ड्रॉवर ओढला, पट्ट्या काढल्या, कागदी पिशवीत टाकल्या, पैसे घेतले आणि पुढच्या गिऱ्हाईकाला "हां बोलो" म्हणाला. घरी आले, चष्मा लावला, ट्यूबलाइटखाली पट्टी धरली. हवी होती क्लोझापिन, माझ्या भावाची मनोविकारावरची गोळी. हातात होती क्लोनाझेपाम, झोप आणणारी.

"क्लो"पर्यंत दोन्ही नावं सारखीच. डॉक्टरांचं अक्षर तिथपर्यंतच वाचण्यासारखं असतं, पुढे नुसती नागमोडी रेघ. माझा धाकटा भाऊ रोज रात्री क्लोझापिनच्या शंभर मिलिग्रॅमच्या तीन गोळ्या घेतो. मी चष्मा न लावता त्याच हिशेबाने या दोन मिलिग्रॅमच्या तीन दिल्या असत्या, तर तो दुसऱ्या दिवशी कधी उठला असता कोण जाणे. आणि त्याचं खरं औषध परस्पर बंद पडलं असतं ते वेगळंच. आता उलटं बघा. झोप लागत नाही म्हणून क्लोनाझेपाम न्यायला आलेल्या कुणा आजींच्या पिशवीत क्लोझापिन शंभर गेली तर? हे औषध सुरू करताना डॉक्टर साडेबारा मिलिग्रॅम देतात, म्हणजे पंचवीसच्या गोळीचा अर्धा तुकडा. कारण अंगाला सवय नसताना उभं राहिलं की रक्तदाब एकदम उतरतो. शंभरची घेऊन त्या आजी रात्री बाथरूमला उठल्या असत्या.

मी परत गेले. मुलगा ओशाळला. "सॉरी आंटी, नाम सेमच है ना." खरं सांगायचं तर मला त्याचा राग आला नाही. या दोन नावांचा घोटाळा जगभर होतो, म्हणून परदेशात बऱ्याच ठिकाणी त्यांतली वेगळी अक्षरं मुद्दाम मोठी छापतात. आपल्याकडे एकाच ड्रॉवरमध्ये शेजारी शेजारी दोन्ही, आणि वर स्केचपेनने लिहिलेलं "सी".

तुम्ही म्हणाल, बाई, हे सगळं डॉक्टरांना लिहा. लिहिलं असतं. पण डॉक्टर आम्हाला महिन्यातून एकदा भेटतात, तेही ओपीडीत, मागे साठ माणसं उभी असताना. तुम्ही रोज भेटता. ताप आला, पोट बिघडलं, बद्धकोष्ठ झालं, झोप नाही, चक्कर येते, अशा प्रत्येक वेळी आम्ही आधी तुमच्याकडेच येतो. मनोविकारावरच्या औषधांची निम्मी राखण तुमच्या काउंटरवर होते, किंवा होत नाही. हे तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही असं मला वाटतं, म्हणून हा पत्राचा खटाटोप. तुमच्यातले कितीजण मराठी वाचतात ठाऊक नाही, बरेच शेठ कच्छी नाहीतर मारवाडी. पण काउंटरवरची मुलं बहुतेक आमच्याच चाळीतली असतात. त्यांनी वाचून सांगावं.

भावाला स्किझोफ्रेनिया आहे. १९९६ साली, बावीस वर्षांचा असताना सुरू झाला. आधी हॅलोपेरिडॉल हे या आजारावरचं जुनं औषध दिलं, त्याने तो लाकडासारखा ताठ झाला. मग रिस्पेरिडोन झालं. त्याच्या कानात ऐकू येणारे आवाज काही थांबेनात. २००३ साली डॉक्टर म्हणाले, आता क्लोझापिन. आणि मला समोर बसवून त्या औषधाची कुंडली सांगितली. १९७५ साली फिनलंडमध्ये या औषधाने रुग्णांच्या पांढऱ्या पेशी घटल्या आणि त्यातून झालेल्या संसर्गाने आठ जण गेले. औषध जवळपास अडगळीतच गेलं होतं. मग १९८८ मध्ये अमेरिकेत जॉन केन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुसऱ्या कुठल्याच औषधाने बरे न वाटलेल्या रुग्णांवर ते तपासलं. सहा आठवड्यांत तीस टक्के रुग्ण सुधारले, जुन्या औषधावर फक्त चार टक्के. पुढच्याच वर्षी तिथे परवानगी मिळाली, पण अट घालून: रक्ताचा रिपोर्ट नाही तर गोळी नाही.

शंभरात एकालाही होत नाही असा हा त्रास. पण तो एक कोण, हे आधी कळत नाही. म्हणून पहिले अठरा आठवडे दर सोमवारी मी त्याला सीबीसीला, म्हणजे रक्तातल्या पेशी मोजायला नेलं. सकाळी सहा पन्नासची लोकल, रक्त देऊन त्याला घरी सोडायचं आणि मग ऑफिस. त्याच्या दंडापेक्षा माझा जीव जास्त दुखायचा. आता महिन्यातून एकदा. न्यूट्रोफिल्स, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, पंधराशेच्या खाली गेल्या तर त्याच दिवशी फोन करायचा, हा आमच्या डॉक्टरांचा हुकूम आहे.

म्हणून तुम्हाला पहिली विनंती तापाची. जून उजाडला की मुंबईत घरटी एकजण तापाने आडवा असतो. तुमचा हातही सरावलेला: पॅरासिटामॉल, घसा दुखत असेल तर ॲझिथ्रोमायसिन, तीन दिवसांचा कोर्स, चला. क्लोझापिन घेणाऱ्या माणसाचा ताप आणि घशाचं दुखणं असं दाबायचं नसतं, आधी पेशी मोजायच्या असतात. त्यातून डेंगीनेही पांढऱ्या पेशी उतरतात, तेव्हा कशाने उतरल्या ते डॉक्टरच बघू शकतात. तुम्ही फक्त एवढं विचारा, "बाकी कुठली गोळी रोजची चालू आहे का?" तीन सेकंदं लागतात. मी घड्याळ लावून बघितलंय.

हाच प्रश्न पोट बिघडल्यावरही. गाडीवरची पाणीपुरी खाल्ली, जुलाब लागले, की तुम्ही सिप्रोफ्लॉक्सासिन काढून देता. लिव्हरमध्ये क्लोझापिनची विल्हेवाट लावणारं जे एन्झाइम आहे, ते सिप्रो अडवतं. रक्तातलं क्लोझापिन चढत जातं, माणूस सुस्त होतो, तोल जातो, डोस जास्त असेल तर फिटसुद्धा येऊ शकते. बिडीचं नेमकं उलटं. बिडी-सिगारेटच्या धुराने ते एन्झाइम जोरात चालतं, त्यामुळे ओढणाऱ्याला डोस जास्त लागतो. आणि ओढणं अचानक थांबलं की? आमच्याकडे हे झालंय. २०१६ साली छातीच्या संसर्गासाठी त्याला अ‍ॅडमिट केलं, वॉर्डात बिडी बंद. मला केवढा आनंद! आठव्या दिवशी तो बोलता बोलता झोपायला लागला, लाळेने उशी चिंब, चालताना भिंत धरायला लागली. चारशेचा डोस तीनशेवर आणला तेव्हा गाडी रुळावर आली. हा धुराचा परिणाम, निकोटीनचा नव्हे. म्हणजे तुमच्याकडचं निकोटीनचं च्युइंगम खाऊन तो भरून निघत नाही, आणि मावा-गुटखा खाणाऱ्यांना हा हिशेब लागू नाही. त्यांचे भोग वेगळे. तेव्हा बिडी सोडण्यासाठी कुणी च्युइंगम मागितलं, तर शाबासकी द्या, पण रोजची गोळी कुठली तेही विचारा.

बद्धकोष्ठाचं मी हसण्यावारी न्यायचे. क्लोझापिनने आतड्याची चाल मंदावते, कधी कधी इतकी की आतडं अडून माणूस दगावतो. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२० च्या जानेवारीत यावरचा इशारा मुद्दाम कडक केला. भावाला चार दिवस झाली नव्हती आणि पोट फुगलेलं, तेव्हा मला इसबगोलाचा डबा मिळाला होता. आतडं हलतच नसेल तर भुशीचा आणखी भार कशाला? त्यात लाळ आणि कंप थांबवायला म्हणून कुणी ट्रायहेक्सिफेनिडिल घेत असेल, तर तेही आतड्याला सुस्त करतं. पोट दुखतंय, फुगलंय, उलटी होतेय असं म्हणणाऱ्या अशा गिऱ्हाईकाला काहीही विकू नका, सरळ इस्पितळात पाठवा.

आता "स्टॉक नाही, परवा या" याबद्दल. २६ जुलै २००५. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, हे तुम्हालाही पाठ असेल. आम्ही तेव्हा कुर्ल्याला तळमजल्यावर राहायचो. पाणी छातीपर्यंत आलं. गोळ्यांचा डबा खालच्या फळीवर होता, तो त्या गटाराच्या पाण्यात गेला. आम्ही वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे रात्र काढली. मंगळवार गेला, बुधवार, गुरुवार. आमच्या नेहमीच्या दुकानात औषधांची खोकी चिखलात लोळत होती, मालक स्वतः बादलीने पाणी काढत होता. शुक्रवारी दादरहून गोळ्या मिळाल्या. मी देवाचे आभार मानले आणि रात्री त्याला नेहमीचा पूर्ण डोस दिला. अडीच वाजता तो लघवीला उठला आणि मोरीच्या काठावर कपाळ आपटलं. चार टाके. डॉक्टर मला ओरडले नाहीत, उलट म्हणाले की हे तुम्हाला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं. दोन दिवसांहून जास्त खंड पडला की अंग ते औषध विसरतं. पुन्हा साडेबारापासून चढवत न्यावं लागतं.

तेव्हा, हे औषध शुक्रवारी संपलं आणि तुम्ही "सोमवारी या" म्हणालात, तर ते क्रोसिन संपल्यासारखं नसतं. नसेल तर जवळच्या दुकानाला फोन लावून द्या. आणि गिऱ्हाईक "चार दिवस नव्हती घेतली" असं बोलता बोलता म्हणालं, तर पट्टी द्या, पण आज रात्री डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नका, एवढं बजावा.

यापुढचं थोडं नाजूक आहे. मध्यंतरी तुमच्यातल्या एकाने आमची कंपनी बदलून दिली. "कंटेंट सेम आहे मावशी, ही स्वस्त पडेल." भाव कमी लावला, वाईट हेतू नव्हताच. नेहमीची गोळी फिकट पिवळी, मधे रेघ असलेली. ही पांढरी, गुळगुळीत. रात्री भावाने ती तळहातावर घेतली. बराच वेळ बघितली. मग ताटलीत ठेवली आणि मला म्हणाला, "ताई, हे तू नाही आणलंस." ज्या माणसाने आठ वर्षं घरच्या जेवणात विष घातलंय या खात्रीने डब्यातलं अन्न कावळ्याला घालून आधी बघितलंय, त्याच्या समोर गोळीचा रंग बदलणं म्हणजे काय, हे मला सांगता येणार नाही. तीन दिवस लागले. जुनी रिकामी पट्टी कचऱ्याच्या डब्यातून काढून शेजारी ठेवली, दोन्हीवरचं नाव वाचून दाखवलं, तरी नाही. शेवटी पिवळी दुकानात मिळाली तेव्हाच तो नीट घ्यायला लागला. नशीब, त्या तीन दिवसांत मी जपून ठेवलेल्या दोन जुन्या गोळ्या कामी आल्या.

जेनेरिकला माझा विरोध नाही, आमच्यासारख्यांना तेच परवडतं. पण एकदा सुरू केलेलं बदलायचं तर डॉक्टरांशी बोलून, घरात आधी सांगून. शेड्यूल एचमधलं, म्हणजे चिठ्ठीशिवाय विकायचं नाही असं औषध, घटक तोच असला तरी, दुकानदाराने परस्पर बदलून द्यायचं नाही हे १९४५ च्या औषध नियमावलीतच आहे. तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं माहीत असेल. पट्टी कापून देतानाही नाव आणि एक्स्पायरीची बाजू गिऱ्हाईकाकडे जाईल अशी कापा. ज्याचा संशयच आजार आहे, त्याच्या हातात बिननावाच्या चार गोळ्या देऊ नका.

आणि रुग्णाला न सांगता चहात घालायचे थेंब. याबद्दल मी कडक बोलणार आहे. कुर्ल्याच्याच चाळीत एक बाई होत्या. नवरा तिशीतला, दारू प्यायचा, बायकोवर संशय घ्यायचा. कुणीतरी सांगितलं म्हणून त्यांनी हॅलोपेरिडॉलचं पातळ औषध आणलं. बिनचिठ्ठीचं. चव लागत नाही, वास येत नाही. किती घालायचं? "पाच-दहा थेंब टाका, बघा." दुसऱ्या संध्याकाळी त्याची मान एका बाजूला पिळली गेली, डोळे वर चढले, जीभ बाहेर, जबडा घट्ट. चाळीत हा हा म्हणता बातमी: अंगात आलं. कुणी लिंबू आणलं, कुणी भगताला फोन. मी ते दृश्य १९९६ साली घरात बघितलं होतं, म्हणून ओळखलं. टॅक्सीत घातलं, कॅज्युअल्टीत नेलं, फेनरगनचं इंजेक्शन दिलं आणि अर्ध्या तासात मान सरळ. तरुण पुरुषांना हा त्रास जास्त होतो. त्या बाईंनी डॉक्टरांना थेंबांचं सांगितलंच नव्हतं, भीतीने. मी सांगितलं. त्यानंतर त्या माझ्याशी बोलल्या नाहीत. पण त्यांना मी दोष देऊ शकत नाही, त्या वैतागलेल्या होत्या. ज्याने बाटली विकली तो वैतागलेला नव्हता.

हीच मान वाकडी होण्याची गंमत, गंमत कसली, उलटीवर तुम्ही पेपरमिंटसारखी देता त्या स्टेमेटिलनेही होऊ शकते. ती याच कुळातली. आणि म्हाताऱ्या माणसांना "झोपेची हलकी गोळी" म्हणून क्वेटियापिन हे स्किझोफ्रेनियावरचं औषध मागायला मुलं येतात, हे मी रांगेत उभं राहून ऐकलंय. स्मृतिभ्रंश झालेल्या वृद्धांमध्ये या गटाच्या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेत २००५ पासून छापला जातो. डॉक्टर तोलूनमापून देतील तर देतील, तुम्ही देऊ नका. आणखी एक, मुलींसाठी. रिस्पेरिडोनने काहींची पाळी लांबते, बंद होते, छातीतून दूध येतं. अशी मुलगी तुमच्याकडून महिन्याला तीनदा प्रेग्नन्सी किट नेते आणि कुणाला काही विचारत नाही. काउंटरवर एखादी बाई असेल तर तिने हळूच विचारावं.

हळूच. हा शब्द मी दोनदा लिहायला तयार आहे. "अरे वो पागल वाली गोली निकाल" असं माळ्यावरच्या मुलाला ओरडून सांगितलेलं माझा भाऊ शेजारी उभा असताना मी ऐकलंय. त्यानंतर तो दीड वर्ष दुकानात आला नाही. आधी तो स्वतःच्या गोळ्या स्वतः आणायचा. केवढी मोठी गोष्ट होती ती आमच्या घरात.

कितीतरी दुकानांत भिंतीवर फ्रेममध्ये फार्मासिस्टचं रजिस्ट्रेशन लावलेलं असतं आणि तो माणूस मी कधी पाहिलेला नसतो. २०१५ च्या फार्मसी प्रॅक्टिस रेग्युलेशन्समध्ये रुग्णाला औषध समजावून सांगणं हा फार्मासिस्टच्या कामाचा भाग म्हणून लिहिलंय. फ्रेम समजावून सांगत नाही.

तक्रारीच सांगत बसले. विक्रोळीला आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक शेठ आहेत. त्यांच्याकडे लाल बांधणीची, वाण्याची असते तशी वही आहे. रोजच्या गोळ्यांच्या गिऱ्हाईकांची नावं, कंपनी, कितीला संपणार. भावाच्या नावापुढे त्यांनी गुजरातीत काहीतरी लिहून खाली दोन रेघा मारल्यात. एकदा विचारलं तर म्हणाले, "बेन, याला ताप आला तर पहिला डॉक्टर, असं लिहिलंय. पोरगं काउंटरवर असलं तरी वाचेल." कॉम्प्युटर नाही, ॲप नाही. गेल्या महिन्यात त्यांचं दुकान लग्नासाठी बंद होतं म्हणूनच मला स्टेशनबाहेर जावं लागलं.

कुठल्याही औषधाचा वाईट परिणाम दिसला तर १८००-१८०-३०२४ हा सरकारी टोल फ्री नंबर आहे, घरच्या माणसालाही कळवता येतं. काचेवर कंडोम आणि प्रोटीन पावडरच्या जाहिरातींमध्ये एवढी एक चिठ्ठी चिकटवायला जागा होईल.

बाकी, शेठ, तुम्ही हे वाचत असाल तर आमची पट्टी येत्या गुरुवारी संपतेय. क्लोझापिन शंभरची, नव्वद गोळ्या, पिवळीच. बुधवारी ऑफिसातून येताना घेईन. भाऊ म्हणतोय तोही येतो बरोबर. माळ्यावरच्या मुलाला सांगून ठेवा.

आपली,
तुमची वीस वर्षांची गिऱ्हाईक,
विक्रोळी पूर्व